सील लावतानाचा गजर

सिंधूताईंनी चष्मा पदराला पुसला, पुन्हा नाकावर ठेवला आणि काजलच्या हातातला मोबाइल उन्हातून सावलीकडे वळवला. चित्रात त्यांचीच मिरचीची पोती होती, पण क्ष-किरणांनी टिपलेली. घडी घातलेल्या घोंगड्यांसारखी राखाडी पोती एकावर एक बसलेली, आणि दाराजवळच्या सगळ्यात वरच्या थरावर एक गोल, काळाभोर डाग.

"हे काय व्हय?" त्यांनी विचारलं.

"तेच ते विचारून राह्यले," काजल म्हणाली. "बंदरावरून आलं. गोल वस्तू, आत पाणी, यादीत नाई. आपला कंटेनर बाजूले काढला त्याईनं."

धामणगाव बढ्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मिरचीचे देठ खुडणाऱ्या पंधरा बायांचे हात थांबले. शिंका तेवढ्या थांबल्या नाहीत.

कंटेनर परवा सकाळी याच शेडसमोरून गेला होता. बायांच्या कंपनीचा पहिलाच. आजवर त्यांची मिरची शहरातल्या कुणाच्या तरी गोदामात जायची, तिथे निवडली जायची, तिथेच कंटेनरच्या पेटीत भरली जायची, आणि धामणगावचे हात निम्मं वर्ष रिकामे राहायचे. कंपनीचं लिहिणं-वाचणं बघणाऱ्या काजलनं आठ महिने कागदांचा पाठपुरावा केला, तेव्हा कुठे आपल्याच शेडमध्ये कंटेनर भरून आपणच सील लावायची परवानगी मिळाली. सील म्हणजे बोटाएवढी लोखंडी कडी. एकदा बसली की कापल्याशिवाय निघत नाही.

परवानगीला एक अट होती. पहिल्या पोत्यापासून सील बसेपर्यंत कंटेनर एका जबाबदार माणसाच्या नजरेसमोर असला पाहिजे, आणि यादीबाहेरची एकही वस्तू आत गेली नाही, असं त्या माणसानं सही करून दिलं पाहिजे. ते माणूस म्हणजे सिंधूताई. "बंदरावर रोज हजारो पेट्या येतात," काजलनं तेव्हा समजावलं होतं. "कुणी शत्रू त्यात काय घालून देईल, नेम नाही. प्रत्येक पेटी उघडता येत नाही. म्हणून कायदा सुरू होतो तो समुद्रावर नाही, जिथं पेटी भरते तिथं." हे ऐकून सिंधूताईंची छाती बोटभर फुगली होती. एवढा मोठा समुद्र, आणि त्याची राखण धामणगावातून. त्यांनी बायांना बजावलं होतं की पेटीत मिरचीशिवाय डोक्यातला केससुद्धा जाता कामा नये.

कोपऱ्यातून झुंबरबाईंचा आवाज आला. शेडमधली ही सगळ्यात म्हातारी बाई. दात नाहीत, पण देठ खुडण्यात पहिला नंबर.

"नारळ व्हय तो."

सगळ्या माना वळल्या.

"म्या ठेवला. पहिली पेटी, सासरी चालली, तेही समुद्रापल्याड. लेकीले रित्या ओटीनं धाडाव काय?"

"माय, ठेवला कव्हा पण?" सिंधूताईंनी विचारलं. "मी तर दारासमोरच उभी होती."

"उभी होती. गजर करून राह्यली होती ना. तुहे डोये मिटले होते."

सिंधूताईंचे डोळे अख्ख्या गावाला ठाऊक होते. मारुतीच्या पारावर सप्ताह बसला, बुवांनी अभंग उकलला, टाळकरी एक पाऊल पुढे आले आणि गजर उठला, की सिंधूताईंच्या पापण्या आपोआप खाली यायच्या. या मिटलेल्या डोळ्यांपायी त्यांच्या तीन जोड वहाणा गेल्या होत्या आणि एका साली बुंदीची अख्खी परात गेली होती. दार लावण्याआधी देवाचं नाव घ्यावं म्हणून त्यांनीच परवा गजर धरला होता. चौदा बाया मागे होत्या. पंधरावी नारळ घेऊन पुढे गेली होती.

तेवढ्यात भागवत आला. ट्रक आणि बंदराकडचे कागद तोच बघायचा. त्यानं गाडी लावली, चित्र पाहिलं, हकिकत ऐकली आणि एक शिंक दिली.

"ड्रायव्हरनं ठेवला म्हणा," तो म्हणाला.

"सील न तोडता?" काजल म्हणाली. "तुमचा ड्रायव्हर सिद्धपुरुष हाये काय, भागवतभाऊ?"

भागवतनं डोकं खाजवलं. मग तो सिंधूताईंजवळ बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, "ताई, असं करा. तुम्हीच ठेवला म्हणा. नजरेसमोर ठेवला, फक्त यादीत लिहाचं राह्यलं. कारकुनी चूक होते, दोन ओळींत मिटते. डोये मिटले होते म्हणसान तर सहीच खोटी पडते. परवानगी जाईन. मंग पुन्हा शहरातलं गोदाम."

बाया सिंधूताईंकडे पाहत होत्या. झुंबरबाई म्हणाल्या, "माह्यं नाव सांग. मले काय कोण फाशी देते?"

मोबाइल वाजला. बंदराच्या सुरक्षा विभागातल्या अर्पिता परब बोलत होत्या. आवाज तरुण होता, पण करडा. काजलनं मोबाइल मोठ्या आवाजावर टाकला.

"ती वस्तू काय आहे?"

"नारळ, मॅडम," सिंधूताई म्हणाल्या. "ओटीचा."

"तुमच्या नजरेसमोर ठेवला?"

भागवतनं मान जोरजोरात हलवली. सिंधूताईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. मिरचीनं लाल झालेले हात. याच हातानं सही केली होती. एरवी याच हातांनी टाळी वाजायची. त्यांनी हात मांडीवर पुसले.

"नाही, मॅडम. सही माझी आहे, पण तेवढा वेळ माझे डोळे मिटले होते."

"का?"

"गजर चालू होता. तेवढ्यात आमच्यातल्या एका आजीनं ठेवला."

भागवत उठून बाहेर गेला. पलीकडून क्रेनच्या घरघरीतून पुढचा प्रश्न आला.

"किती वेळ मिटले होते?"

हे शब्दांत कसं सांगावं ते सिंधूताईंना कळेना. म्हणून त्यांनी परवाच्या लयीत गजर म्हणून दाखवला. पुंडलिकापासून ज्ञानदेव-तुकारामांपर्यंत, सावकाश, शेवटच्या शब्दाला पुरता श्वास देऊन. सवयीनं बायांनीही साथ धरली. म्हणून झाल्यावर काजलनं त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"अठरा सेकंद," अर्पिता परब म्हणाल्या. त्यांनी खरोखरच मोजले होते. "ताई, अठरा सेकंदांत नारळ जातो, तसं दुसरंही काही जाऊ शकतं. ठेवणारी तुमची आजी निघाली, म्हणून आपण हसतोय. पुढच्या वेळी कुणी दुसरा असेल, तर या धक्क्यावर चार हजार माणसं काम करतात."

"खरं आहे," सिंधूताई म्हणाल्या. त्यांना खरोखरच ते खरं वाटलं. नारळाच्या जागी त्यांनी मनात क्षणभर दुसरं काहीतरी ठेवून पाहिलं.

"कंटेनर उघडून सगळा तपासावा लागेल. गुरुवारचं जहाज चुकेल, रविवारी दुसरं आहे. परवानगीचं मी ठरवत नाही, फक्त अहवाल देते. हे पुन्हा कसं होणार नाही, ते संध्याकाळपर्यंत लिहून पाठवा. आणि ताई, अहवालात मी हेही लिहीन, की विचारल्यावर तुम्ही खरं सांगितलंत."

काजल संगणकाशी बसली. तिनं पहिलीच ओळ टाकली: शेडमध्ये यापुढे पूजा, गजर होणार नाही. तिनं ती वाचून दाखवली. एका बाईनं खुडलेला देठ पुन्हा खुडायला घेतला.

"ते खोड," सिंधूताई म्हणाल्या. "लिही. नारळ पेटी उघडाच्या आधी फोडाचा, शेडबाहेर. पेटीपासून पाच पावलांवर पिवळा पट्टा मारू, त्याच्या आत भरणाऱ्या दोघींशिवाय कोणी नाही. गजर व्हईन. सील लावणारीचे डोये उघडे राहतीन."

"तुहे?" झुंबरबाईंनी विचारलं. "उघड्या डोयानं कव्हा देवाचं नाव घेतलं तुनं, सिंधे?"

"शिकीन."

परवानगी राहिली. नवव्या दिवशी पत्र आलं. पुढच्या वेळी दार लावतानाचं चित्रीकरण पाठवावं, अशी अट घातली होती, आणि शेवटी एक ओळ होती की पेटीत सापडलेला नारळ नियमानुसार नष्ट करण्यात आला. भागवतनं ती ओळ दोनदा वाचली. "म्हंजे खाल्ला," तो म्हणाला.

दुसरा कंटेनर अक्षय्यतृतीयेच्या आधी भरला. नारळ सकाळीच बाहेर फुटला होता, खोबरं वाटून झालं होतं. काजल मोबाइल धरून स्टुलावर चढली. भरणाऱ्या दोघी खाली उतरल्या. बाकीच्या बाया पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर, कंटेनरच्या दोन्ही अंगांना ओळीनं उभ्या राहिल्या. सिंधूताई समोर.

त्यांनी गजर धरला. पहिल्याच शब्दाला पापण्या ओढ घेऊ लागल्या, कासऱ्याला झटका देणाऱ्या वासरासारख्या. त्यांनी डोळे ताणून धरले. पोती मोजली, वरचा थर पाहिला, दाराची फट पाहिली. पाणी आलं तरी मिटले नाहीत.

आणि पेटीच्या दोन्ही अंगांना त्यांना बाया दिसल्या.

झुंबरबाईंचे डोळे मिटलेले होते. बोळक्या तोंडातून शब्द नीट निघत नव्हते, पण हनुवटी लयीत हलत होती, आणि सुरकुत्यांमागून सात-आठ वर्षांची कुणी पोर बाहेर डोकावत होती. त्यांच्या शेजारची रुखमाबाई, जी दिवसभर कुणाशी धड बोलत नसे, ती हसत होती. कुणाच्या लाल हातांची टाळी छातीशी, कुणाची कपाळाशी. सगळ्यांचे डोळे मिटलेले, सगळ्यांचे चेहरे मोकळे, अंगणात वाळत घातलेल्या मिरचीवर ऊन पडावं तसे. स्टुलावरची काजल, जिला या सगळ्यात काही राम वाटत नसे, तिचेही ओठ मोबाइलमागे हलत होते.

पन्नास वर्षं सिंधूताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बुवांचा शब्द न् शब्द त्यांनी कानात साठवला होता. गजर म्हणणारं माणूस कसं दिसतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

गजर संपला. टाळ्या थांबल्या. भागवतनं सील त्यांच्यापुढे धरलं.

"ताई, झालं ना?"

सिंधूताईंनी सील हातात घेतलं. पेटीवरून आणि त्या चेहऱ्यांवरून त्यांनी नजर काढली नाही. एक श्वास घेतला आणि तोच गजर पुन्हा पहिल्यापासून उचलला.