उडत्या छत्रीमागचा मी

अहो, इकडे! हँगरवर बघा. मी हिरवा पोशाख बोलतोय. डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एकसंध, तोंडावर जाळी, हातमोजेसुद्धा जोडलेले. शिंप्याने मला शेवटची टीप घातली तेव्हा त्याची बायको म्हणाली, "अगंबाई, बेडूक शिवलात की काय?" हसा, खुशाल हसा. पण माझं काम तुमच्या कपाटातल्या एकाही कपड्याला जमायचं नाही. मला घातलं की माणूस नाहीसा होतो!

यात जादूबिदू काही नाही. स्टुडिओची भिंत हिरवी, जमीन हिरवी आणि मीही त्याच हिरव्याचा. संगणकाला एकच हुकूम असतो: हिरवं दिसेल ते गाळ आणि तिथे राजवाडा उभा कर. मग पडद्यावर राजवाडा येतो, राजकन्या येते आणि तिच्याभोवती एक लाल छत्री आपली आपण उडत राहते. ती छत्री धरून घामाघूम झालेला, माझ्या आतला माणूस मात्र कुठल्या कुठे! चांगल्या कपड्यात माणूस उठून दिसतो म्हणतात. माझं सगळं उलटं. माझ्यात कोणी दिसलाच, तर माझं नाक कापलं गेलं म्हणून समजा.

आणि एके दिवशी ते कापलं गेलं. मुलांच्या नव्या मालिकेचं चित्रीकरण चालू होतं. छत्री उडवायला आणलेला माणूस पूर्वी बाहुल्यांचे खेळ करायचा, म्हणून सगळे त्याला बाहुलीवाला म्हणत. हात असा हलका, की छत्री लाजायची, रुसायची, शिंकायचीसुद्धा! त्या दिवशी छत्री घेऊन तो जोरात वळला आणि दिव्याच्या स्टँडला अडकून मी कोपरावर टर्रकन फाटलो.

"थांबा, थांबा!" संगणकावर बसलेली ताई किंचाळली. "हवेत कोपर आहे!"

खरंच होतं. राजकन्येच्या शेजारी एक उघडं कोपर तरंगत होतं. राजकन्या हसून हसून खाली बसली. दिग्दर्शकांना मात्र हसू आलं नाही. "उद्या सकाळी पहिला शॉट छत्रीचाच आहे. घरून शिवून आण," म्हणाले.

असा मी पिशवीतून बाहुलीवाल्याच्या घरी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरी! पण दार उघडलं आणि बाहुलीवाल्याचा चेहराच पडला. खोली शेजाऱ्यांनी भरलेली. त्याच संध्याकाळी मालिकेचा पहिला भाग लागणार होता आणि "माझा लेक टीव्हीवर येतोय" असं त्याच्या आईने सगळ्या इमारतीला सांगून ठेवलं होतं. आपण त्यात दिसणारच नाही, हे सांगायचा त्याला महिनाभर धीर झाला नव्हता.

आईने मला मांडीवर घेतलं, हाताला लागला तो हिरवा दोरा सुईत ओवला आणि टीव्हीकडे बघत टाके घालायला लागली. मालिका सुरू झाली. राजा आला, राजकन्या आली, प्रधान आला.

"अहो वहिनी, तुमचा लेक कुठाय?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"येईल हो. आत्ताशी तर सुरू झालंय."

अर्धा भाग संपला. काका हळूच म्हणाले, "पडदे ओढायला ठेवलाय वाटतं." कुणीतरी फिस्सकन हसलं. बाहुलीवाला दाराशी उभा होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं असणार. मलाही झालं होतं. मीच तर त्याला पुसून टाकलं होतं!

तेवढ्यात पडद्यावर पाऊस लागला. छत्री भिजत भिजत राजवाड्याच्या दारात आली, थांबली. दोनदा जोरात झटकली, मग एकदा हळूच, आणि मिटून कोपऱ्यात उभी राहिली.

आईची सुई थांबली. ती ताडकन उठली, मी तिच्या हातातच!

"हा! हा बघा माझा लेक!"

"अहो, ती छत्री आहे," काकू म्हणाल्या.

"छत्री काय नुसती! दोनदा जोरात आणि एकदा हळूच, तेही दारातच! लहानपणापासून अस्साच झटकतो मेला. भिंतीवर पाणी उडतं म्हणून किती ओरडलेय मी!"

सगळ्यांनी वळून बाहुलीवाल्याकडे पाहिलं. तो रडत होता की हसत होता, मला कळलं नाही. मग मात्र काय विचारता! छत्री हलली की टाळ्या, छत्री रुसली की काका ओरडायचे, "अरे, मनव तिला, मनव!" पडद्यावर राजा होता, पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

शेजारी गेल्यावर बाहुलीवाल्याने आईला माझ्या हिरव्या रंगाचं गुपित सांगितलं. तिने लगेच मला दिव्याखाली धरलं आणि घातलेले टाके सगळे उसवले.

"आता काय झालं?" बाहुलीवाल्याने विचारलं.

"हा दोरा पोपटी आहे. पडद्यावर चमकेल." डब्यातले सगळे हिरवे दोरे तिने माझ्यावर एकेक करून ठेवून पाहिले. "उद्या माझा लेक दिसता कामा नये. कुणालाच. मला सोडून."

आता माझे गुडघे विरलेत, जाळीही सैल झालीय. पण कोपरावरचे ते टाके मलाच शोधून सापडत नाहीत, मग संगणकाची काय कथा! तेव्हा मंडळी, एवढं ऐका. पडद्यावर एखादी वस्तू आपली आपण हलताना दिसली, तर ती कशी हलते ते जरा नीट बघा. कुठल्याशा घरात एक आई टाळ्या वाजवत असेल. तिला साथ द्या.