घरपट्टीची वजावट

माझे थोरले दीर मोरेश्वर इथे परदेशात, अ‍ॅमस्टेलव्हीनला राहतात आणि आमच्यासकट ओळखीतल्या सगळ्या मराठी लोकांचे टॅक्स रिटर्न फुकट भरून देतात. त्यासाठी लोक आपल्या सरकारी लॉगिनचा पासवर्ड त्यांना बिनदिक्कत देऊन टाकतात, वर पेढेही नेऊन देतात. माझ्या तर हा माणूस पहिल्यापासून डोक्यात जातो.

मार्चमध्ये टॅक्स ऑफिसचं पत्र आलं, माझ्या नावाने. उइटहॉर्नच्या आमच्या घराच्या कर्जाचं बँकेने कळवलेलं व्याज आणि मी वजा केलेलं व्याज जुळत नाही, खुलासा करा. मी ऑडिटमध्ये काम करते. दुसऱ्यांचे आकडे तपासते. हे ऑफिसात कळलं असतं तर माझ्या सहीला कुणी विचारलं नसतं.

रविवारी दीर आले. व्याजात त्यांनी नगरपालिकेची घरपट्टीही मिळवली होती. पुण्यात भाड्याने दिलेल्या फ्लॅटची घरपट्टी वजा होते, मग इथे का नाही, असं त्यांचं म्हणणं. इथे राहत्या घराची होत नाही, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. शिवाय माझा पगार जास्त, म्हणून सगळी वजावट माझ्या नावावर टाकलेली. ही चूक तुमची आहे असं लिहून द्या, म्हटलं. घरातल्या घरात कसलं लिहून द्यायचं, म्हणाले, आणि चहात साखर मागितली. तो कप त्यांच्या अंगावर ओतावासा वाटला मला.

पण मग लक्षात आलं, नवराबायकोच्या रिटर्नवर दोघांची सही लागते. माझी सही माझ्या फोनवरूनच होते, आणि त्याचा पिन मी दिरांना मेले तरी दिला नसता.

"माझी सही कुणी केली?" मी विचारलं.

दीर माझ्या नवऱ्याकडे बघू लागले, आणि अंबरीश बशीकडे.

"तू अंघोळीला गेली होतीस," तो म्हणाला. "पिन मला ठाऊक होता. दादा खोळंबला होता. तुला विचारलं असतं तर तू पन्नास प्रश्न काढले असतेस."

"काढले असते."

इतकी वर्षं मी भलत्याच भावावर चिडत होते.

सोमवारी मी टॅक्स ऑफिसला फोन लावला. अंबरीश समोर उभा राहून हातानेच नको नको म्हणत होता. सही माझी नाही, मी सांगितलं. मग कुणाची ते माहीत आहे का, पलीकडच्या बाईने विचारलं.

मी नाव सांगितलं. तिला ते कळेना, म्हणून त्याच्याकडे बघत एकेक अक्षर सांगितलं.