चारशे बारा शीट
दमयंती गुरव अकरा वर्षं नकाशे काढत होती, पण ते बघायला कुणी मंडणगडच्या डोंगरातून पाच तास एस.टी.त बसून रत्नागिरीला येईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. काशीराम आला. नव्या रस्त्याचे चारशे बारा नकाशे एका पीडीएफमध्ये करून ऑफिसच्या बाहेरच्या कॉम्प्युटरवर आणि वेबसाइटवर लोकांसाठी ठेवले होते. हरकतीच्या अर्जात शीट नंबर लिहायचा. नसला तर अर्ज बाद. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत, आणि आज शुक्रवारच होता.

"बाय, कालधरनं बगतोय," काशीराम म्हणाला. "गट नंबर एकशे त्र्याहत्तर. आमच्या वाडीची बाव हाय त्यात. मे म्हयन्यात पन तिलाच तेवडं पानी असतं. रस्ता तिच्यावरनं जातो का बाजूनं, येवडंच बगायचंय. पन गावत नाय."

दमयंतीने शोधाच्या चौकटीत १७३ टाकलं. काहीच सापडलं नाही. सापडणार कसं? नकाशातली अक्षरं जुन्या, बारीक रेघांच्या फॉन्टमधली. पीडीएफ करताना त्यांच्या नुसत्या रेघा उरत. माणसाला आकडा दिसे. कॉम्प्युटरला आकडा काय नि बांध काय, सारखंच.

ती तडक हर्षद सरांच्या केबिनमध्ये गेली. ऑफिस त्यांच्या हाताखाली होतं.

"सर, फॉन्ट बदलून पीडीएफ पुन्हा काढते. दोन-तीन तासांचं काम आहे. लोकांना गट नंबर शोधता येईल."

"नको," मोबाइलमधून मान वर न काढता ते म्हणाले. "शोधता आलं की हरकती वाढतात. नकाशे दाखवायचे होते, दाखवलेत. आहे तसं राहू दे."

दमयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ही चूक नव्हतीच, सोय होती! आणि ते चारशे बाराही नकाशे आपल्याच हातचे, याची तिला भयंकर लाज वाटली.

ती जागेवर येऊन बसली आणि तिने फॉन्ट बदलला. काही अक्षरं चौकटीबाहेर सांडली, ती आत घेतली. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव असतं. तिथलं तिचं नावही आता रेघांचं राहिलं नाही. डबा तसाच पडून राहिला. अडीचला नवी फाइल बाहेरच्या कॉम्प्युटरवर आणि वेबसाइटवर चढली.

"टाका आता नंबर, काका."

काशीरामने एका बोटाने तीन आकडे दाबले. शीट २६३ उघडली. १७३ पिवळं झालं होतं, आणि रस्त्याची लाल रेघ सरळ विहिरीच्या गोलावरून गेली होती.

"बुजवनार व्हते," काशीराम हळूच म्हणाला. "आनि आमाला पत्ता नाय." त्याने अर्ज लिहिला, पोच घेतली आणि तिथूनच शेजारच्या वाड्यांना फोन लावले. पाचपर्यंत ईमेलने आणखी अडतीस हरकती आल्या. एकूण एक शीट नंबरासकट.

सव्वापाचला हर्षद सर लालबुंद होऊन बाहेर आले. "फाइल कुणी बदलली? मला नाव पाहिजे!"

दमयंती उठली, तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि कीबोर्ड पुढे सरकवला.

"शोधा ना, सर. आता सापडतं. 'दमयंती' टाइप करा. चारशे बारा ठिकाणी येईल."