अंजिराचे दार

तळहातावरच्या हिरव्या अंजिराला वजनच नव्हते. अंगठ्याने दाबले तर आत नुसती हवा. ते दाबता दाबता आर्गिरिसला पुन्हा ते पत्र आठवले, ज्याला त्याने उत्तर दिले नव्हते. फेब्रुवारीत आले होते, स्टुटगार्टहून, आणि आता जून लागला होता. दगडफुलांवरच्या एका जाड पुस्तकात त्याने ते खूण म्हणून घालून ठेवले होते… म्हणजे पुढे कधी वाचायचे नाही अशा पुस्तकात.

झाडाखाली आणखीही फळे पडली होती. पराग न मिळालेले अंजीर असेच करते, थोडे फुगते, आशा लावते आणि गळून पडते. जून आला की रानअंजिराची फळे लव्हाळ्यात ओवायची आणि त्या माळा या झाडांवर टांगायच्या. रानफळांतून चिलटे निघतात, पराग माखून या फळांत शिरतात, तेव्हा कुठे अंजीर धरते. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असते. यंदा त्याने माळा टांगल्या नव्हत्या. रानअंजीर शेजारी पोलिक्सेनीच्या अंगणात होते, आणि पत्रही पोलिक्सेनीचेच होते. बाईला उत्तर द्यायचे नाही आणि तिच्या झाडाची फळे मात्र खुशाल तोडून आणायची… असल्या निर्लज्जपणालासुद्धा छाती लागते. ती माझ्यापाशी कधीच नव्हती.

पोलिक्सेनी त्याच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर ती मुलीकडे गेली. ‘भावोजी,’ तिने लिहिले होते, ‘इथे मला कोणी जा म्हणत नाही, पण मी खोलीत आले की कुणाला तरी खुर्ची सरकवावी लागते. माझ्या घराचं छप्पर हिवाळ्यात बसलं म्हणे. तुमची खालची खोली रिकामी आहे. मला आता अक्षर दिसत नाही, हेसुद्धा नातच लिहितेय. तुम्ही मला पेपर वाचून दाखवा, मी तुम्हाला दोन वेळचं रांधून घालीन. एकमेकांच्या आधारानं राहू.’

एकमेकांच्या आधाराने! आयुष्यभर त्याने शाळेत निसर्गविज्ञान शिकवले होते आणि ‘सहजीवन’ हा धडा दरवर्षी नाक मुरडत शिकवला होता. चित्रात शंखातला खेकडा आणि त्याच्या पाठीवरचे समुद्रफूल, दोघेही लग्नाच्या फोटोतल्यासारखे. यात प्रेमबीम काही नाही, तो पोरांना सांगे, एका भुकेला दुसरी भूक भेटते, एवढेच. पोरे हसत. त्यांना काय कळणार… मोठी होऊन तीच पोरे आता चौकातल्या कॉफीच्या दुकानात एकमेकांना टेकून बसलेली असतात, दुकानदार म्हाताऱ्यांवर जगतो, म्हातारे दुकानदाराच्या सावलीवर, पाद्री विधवांच्या पापांवर आणि विधवा पाद्र्याच्या कानांवर. सगळे गाव एकमेकांच्या अंगावर उगवलेले. एकट्याने ताठ उभा असलेला मीच. आणि माझे अंजीर गळते आहे.

विकतची रानफळे आणावीत म्हणून तो चौकात गेला. झाफिरिस भाजीवाला टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून काकड्यांवर पाणी मारत होता.

“या मास्तर! पुस्तकं विकायला काढलीत की काय?”

“रानअंजिरं दे.”

“तुम्हाला?” झाफिरिसने सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा आवाज लावला. “अहो, तुमच्या भावजयीचं झाड भिंतीवरून तुमच्या अंगणात वाकून बघतंय! विहिरीच्या काठावर बसून पाणी विकत घेता?”

“त्यांना कुणाचं काही नको असतं रे,” काकड्या चाचपत मार्गारो म्हणाली. पलीकडच्या गल्लीतली ही म्हातारी पोलिक्सेनीची लहानपणापासूनची मैत्रीण. “शिकलेले आहेत ते. उपाशी मरतील, पण आभार मानायचे नाहीत.”

आर्गिरिसने टेम्पोतल्या पाटीतले एक रानअंजीर नखाने फोडले. आत पिवळी धूळ आणि रिकामी घरटी. “यातली चिलटं उडून गेलीत.”

“मग? मी काय एकेकाला दावं बांधू?”

मार्गारो इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसत ती म्हणाली, “पोलिक्सेनीचं काही पत्रबित्र?”

“नाही.”

“तिनं तर लिहिलंय म्हणे. परवा फोनवर टपालखात्याला शिव्या घालत होती. म्हणाली, भावोजींना मिळालं असतं तर ते असे गप्प राहणारे नव्हेत.”

मूर्ख बाई. वाटभर तो हेच घोळवत राहिला. मूर्ख बाई, मला तीस-चाळीस वर्षे जवळून पाहूनही… मी गप्पच राहणारा आहे, हे भिंतीलासुद्धा कळले असते.

पोलिक्सेनीच्या फाटकाला तार गुंडाळलेली होती. ती सोडताना त्याने चोरासारखे इकडेतिकडे पाहिले, आणि मग त्या पाहण्याचीच त्याला किळस आली. कौले स्वयंपाकघरात कोसळली होती. रानअंजीर मात्र लगडले होते. पायरीवर बसून त्याने पहिले फळ कापले. आत काळी, ओलसर चिलटे एकमेकांवरून चढत, पंख झटकत उजेडाकडे येत होती. त्याने माळा ओवल्या आणि भिंतीपलीकडे नेऊन आपल्या झाडांवर टांगल्या. शेवटची टांगून झाल्यावर तो स्टुलावरून उतरला नाही. नाकासमोर एक हिरवे अंजीर होते आणि त्याच्या तळाशी, त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या दारापाशी, एक चिलट घुटमळत होते.

दोन्ही झाडांच्या दारांचा वास सारखाच असतो. रानअंजिरात शिरली तर चिलटाच्या मादीला अंडी घालायला जागा मिळते, या गोड फळात तिच्यासाठी जागाच नाही. दार इतके अरुंद की शिरताना पंख तुटतात, म्हणजे परत येणे नाही. मूर्ख किडा! हे वर्गात सांगताना तो दरवर्षी याच शब्दावर थांबे, पोरे हसत आणि घंटा होई.

चिलट आत गेले. दाराशी दोन पंख चिकटून राहिले, कोंड्यासारखे.

घंटा झाली नाही, म्हणून असेल… तो तसाच उभा राहिला. किड्याला त्याने हजारदा मूर्ख म्हटले होते. अंजिराला कधी काही म्हटले नव्हते. अंजीर गोड वास सोडून नुसते गप्प असते, पराग घेते, आलेल्याला आतल्या आत जिरवते आणि ऑक्टोबरात वेताच्या चटईवर वाळत पडते. वर्षानुवर्षे या माळा ओवणारी पोलिक्सेनी, फळे उलटीपालटी करून वाळवणारीही तीच. मी तिला एक टोपली परत द्यायचो आणि त्या टोपलीचा मला केवढा अभिमान. लोक मला खायला येतात, असे समजून मी दार लहान केले. आणि आता ती विचारते, येऊ का? नातीच्या अक्षरात. आपण कुठल्या झाडाशी विचारतोय, हे न कळून.

नको म्हणून कळवावे, हेच सभ्यपणाचे. तो टेबलाशी बसला आणि ‘नको’ लिहिले. तो शब्द त्याला फार ओळखीचा वाटला. आयुष्यात त्याने तोच एक सुबक लिहिला होता. कागद फाडून त्याने दुसरा घेतला.

‘पोलिक्सेनी, टपालाचा दोष नव्हता. तुझ्या झाडाची फळं आज न विचारता घेतली. मोठ्यानं वाचायची सवय मोडली आहे, पण वाचीन. मी गप्प असतो, तू आलीस तरी असेन असं वाटतं. खालच्या खोलीला दोन दारं आहेत. गल्लीकडचं दार मी खिळे ठोकून बंद केलं होतं. ते खिळे काढतो आहे. त्या दाराची किल्ली तुझ्याजवळ राहील, माझ्याकडे दुसरी नसेल.’

‘ये’ लिहायचे राहिले, हे पाकीट चिकटवल्यावर लक्षात आले. फोडावे? … तिच्यासाठी बोलावतो आहे की अंजिरांसाठी, हे पुन्हा फोडूनही ठरले नसते.

चौकात पिवळ्या टपालपेटीपाशी झाफिरिसने हाळी दिली, “काय मास्तर, टपालावर विश्वास बसला का?” आर्गिरिसने खिशातून पाकीट काढले. उजव्या बाहीवर एक चिलट बसले होते, पंखांसकट. तो हात न हलवता, अंगापासून दूर धरून, त्याने डाव्या हाताने पाकीट फटीत सरकवले… ते आत पडल्याचा आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा लहान होता.