दहाव्या चालीची बरोबरी

मी राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं आणि टेबल दोन हात लांबलं. समोर बसलेल्या बापूनं तसंच प्यादं पुढे टाकलं, टेबल आणखी दोन हात लांबलं. पटाच्या मधोमध नवी काळीपांढरी घरं आली. पंच बेडकिहाळे सरांनी घड्याळ बघितलं, टेबल काही बघितलं नाही.

बरोबरी आमची सकाळी चहाच्या गाडीवरच ठरली होती. माझे वडील, अण्णा, दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते. तरी मला म्हणाले, "डाव अर्धा टाकून आलास तर तोंड दाखवू नकोस." म्हातारा जन्माचा हेकट. खेळ त्यांनीच शिकवलेला, त्यामुळे बोलायची सोय नाही. बापू म्हणाला, "चारी घोडे काढू, दहा चालींत हात मिळवू. अर्ध्या तासात तू अण्णांपाशी."

घोडे निघाले तसं टेबल हॉलच्या दारापर्यंत गेलं. उंटांनी ते व्हरांड्यात नेलं. दहाव्या चालीला बापू मैदानापलीकडे बसला होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

"बरोबरी!" मी ओरडलो.

बऱ्याच वेळानं त्याचा आवाज आला, "मंजूर! हात दे, सद्या!"

मी हात लांब केला. कसला पोचतोय! उठून टेबलाकडेनं चालत निघालो, तर जेवढा चाललो तेवढं टेबल पुढे सरकलं. माझी खुर्ची मात्र पाठीशीच होती.

"सर, दोघांनाही मान्य आहे. लिहून टाका की."

"हस्तांदोलनाशिवाय डाव संपत नाही."

"मग मी हरलो. झालं समाधान?"

"हरलात तरी हात द्यावा लागतो."

"अहो, माझा बाप मरतोय तिकडे!"

"घड्याळ चालू आहे," सर म्हणाले. "चाल करा."

काय करणार? मी हत्ती एक घर सरकवला. बापू दिसेनासा झाला. अण्णा दाराकडे डोळे लावून पडले असतील आणि मी इथं हत्ती सरकवतोय, या विचारानं मला चारचौघांत रडू फुटलं. हात तेवढा पटावर तसाच लांब ठेवला.

मग कुणीतरी तो हातात घेतला. बापूचा पंजा जाड आणि घामट. हा हाडकुळा होता, गार, आणि मनगटाजवळ सलाईनची चिकटपट्टी होती. त्यानं माझा हात एकदाच, नियमानं, दाबला. बेडकिहाळे सरांनी घड्याळ थांबवलं.