खुडलेली फुलं

मेट्रनबाई निवृत्त झाल्या, पण त्यांची शिस्त काही निवृत्त झाली नाही. गच्चीवरच्या कुंड्या त्यांनी वॉर्डातल्या खाटांसारख्या रांगेत लावल्या होत्या. पान जरा पिवळं पडलं की ते गळायची वाट न बघता खुडायच्या. बागकामात त्यांची मतं ठाम, आणि ती ऐकायला दुसरं कुणी नसलं तर नवरा होताच.

"झाडांचे लाड केले की ती डोक्यावर बसतात."

"म्हणून माझे कधी केले नाहीस वाटतं," तो पेपराआडून म्हणायचा.

यंदा मात्र ही शिस्त अंगाशी आली. आईनं जन्मभर जपलेल्या भोपळ्याचं बी संपत आलं होतं. उरलंसुरलं जुनं बी मेट्रनबाई आणि त्यांची धाकटी बहीण या दोघींनी वाटून घेतलं, पेरलं, आणि दोघींकडे एकेकच वेल उगवला. यंदा फळ धरलं नाही तर आईचं बी कायमचं गेलं. तसला पांढुरका, लांब मानेचा भोपळा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मेट्रनबाईंनी वेलाला डोळ्यांत तेल घालून जपलं. लांब देठाचं, मागे फळाचा गोळा नसलेलं फूल दिसलं की त्या कळीतच खुडत. "नुसती मिरवतात मेली. वेलाची ताकद खातात."

एका सकाळी पहिलं मादी फूल उमललं. मागे अंगठ्याएवढा भोपळा. त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"वा! नवरी तर नटली," तो म्हणाला. "नवरदेव कुठाय?"

मेट्रनबाईंनी वेल शेंड्यापासून बुडापर्यंत तपासला. एकही नर फूल नव्हतं. सगळी त्यांनीच खुडली होती. भुंगे येतील, पण परागकण आणतील कुठून? शेजारच्या भोपळ्याचं फूल चाललं असतं, पण मग बी आईचं राहिलं नसतं. आणि दुपारपर्यंत हे फूल मिटणार. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

उरली धाकटी बहीण. तिच्या परसाला मेट्रनबाईंनी चार पाहुण्यांसमोर उकिरडा म्हटलं होतं, तेव्हापासून अबोला होता. तरी त्यांनी चपला घातल्या.

धाकटी तिच्या लाँड्रीत इस्त्री करत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अडला हरी..." ती म्हणाली.

"पुढचं म्हणू नकोस. स्वतःलाच गाढव म्हणशील."

धाकटीनं ओठ दाबून हसू आवरलं. "आधी कबूल कर, माझं परस उकिरडा नाही."

"उकिरडाच आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "खोटं बोलून फूल नेणार नाही मी. पण फूल दे गं. आईचं बी जाईल."

धाकटीनं इस्त्री बंद केली. परसात तिचा वेल पत्र्यावर चढून माजला होता. नर फुलं ओंजळभर, फळ मात्र औषधालाही नाही. तिचे डोळे भरले होते. तिच्याही वेलाकडून काही आशा राहिली नव्हती. तिनं चांगली ताजी फुलं तोडली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि स्कूटर काढली.

गच्चीवर मेट्रनबाईंनी एका नर फुलाच्या पाकळ्या सोलल्या, आतला पिवळा दांडा मोकळा केला. मग, आजवर कुणाला कुंडीला हात लावू न देणाऱ्या त्या बाईनं तो धाकटीच्या हातात दिला.

"मी? माझा हात थरथरतोय."

"थरथरू दे. चार ठिकाणी लागेल."

धाकटीनं मादी फुलाच्या आत परागकण अलगद चोळले.

पुढचे दिवस वाईट गेले. न धरलेलं फळ पिवळं पडून गळतं, हे दोघींना ठाऊक होतं. धाकटी रोज फोन करायची, मेट्रनबाई रोज "बघू" म्हणायच्या. मग एका सकाळी त्यांनी वाकून पाहिलं. भोपळा तजेलदार, घट्ट, मुठीएवढा झाला होता. या वेळी त्यांनीच फोन लावला.

"धरलं," त्या म्हणाल्या.

मेट्रनबाईंनी घसा साफ केला. असं श्रेय त्यांनी आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं.

"तुझ्या फुलानं धरलं. तुझ्या हातानं."