पप्पांचं आतडं

जोतीराम वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होता. जांघेतली गाठ फारच दुखायला लागली तेव्हा तो डॉक्टरला दाखवून आला आणि बायकोला, मीनाला, हळूच म्हणाला, "हर्निया हाय. आतडं बाहेर येतंय म्हणे. ऑपरेशन करा म्हणतायत. बघू दिवाळीनंतर."

सहा वर्षांची राजनंदिनी तिथंच चित्र रंगवत बसली होती. तिचा खडू थांबला.

दुसऱ्या दिवसापासून पोरीला चैन पडेना. जोतीराम कामावर निघाला की दारात आडवी व्हायची. तो शिंकला तरी धावत येऊन त्याच्या पायांखाली बघायची. उड्या बंद. बोनकोड्यातल्या त्यांच्या इमारतीचा जिना पोट धरून एकेक पायरी उतरायची. चपाती अर्धीच, पाणी घोटभर. चौथ्या दिवशी शाळेतून बाईंचा फोन आला. कवायत करत नाही, फ्रॉकच्या आत पोटाला ओढणी गच्च बांधलीय, सोडू देत नाही.

मीनानं घरी आणून गाठ सोडली. पोटावर लाल वळ उठले होते.

"कुणी सांगितलं हे करायला?"

"कुणी नाय."

"मग?"

"गोण लय भरली की फाटते," राजनंदिनी म्हणाली. "पप्पांची फाटलीय. सगळं खाली पडंल."

जोतीराम भिंतीला टेकून ऐकत होता. त्याला हसू आलं नाही. मार्केटात फुटलेल्या गोणीतून घरंगळणारे बटाटे त्यानंच तिला दाखवले होते.

सकाळी तो तिला घेऊनच दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात तिच्याच पोटावर ठेवला.

"आतलं काही सुटं नसतं गं, एकमेकांना धरून असतं. पप्पांच्या आतल्या मांसाला भोक पडलंय. तिथं जाळी लावू."

"तोवर पडलं तर?"

"पडणार नाही. पण त्यांनी वजन उचलायचं नाही."

राजनंदिनी बापाकडे बघत राहिली. त्यानं नजर चुकवली, मग विचारलं, "कधी ॲडमिट होऊ?"

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर त्यानं पट्टी दाखवली, तिनं एका बोटानं चाचपली आणि अख्खी चपाती खाल्ली. मग विचारलं, "झोपल्यावर श्वास कोण घेतं?"

"तो आपोआप चालतो."

दुपारी जोतीरामला जाग आली, तेव्हा ती उशाशी बसून त्याच्या छातीकडे टक लावून बघत होती.

"झोपा तुमी," ती म्हणाली. "मी बघतेय."